गोल घराला कोपरा फुटला

संग्रहालयाच्या बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा ओळंबेकाका स्वतःच्याच कुंपणाची भिंत पाडत होते. भिंत काही पडायला आलेली नव्हती. चांगली धडधाकट होती, आदल्याच आठवड्यात बांधलेली. पण सकाळी चहाचा कप घेऊन काका अंगणात उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि ती वरच्या अंगाला करंगळीभर बाहेर झुकल्याचा त्यांना संशय आला. काकांना संशय आला म्हणजे संपलंच. ओळंबा सोडून पाहिला, संशय खरा निघाला आणि त्यांनी हातोडा उचलला.

"करंगळीभरच ना?" काकू दारातून म्हणाल्या. "कोण येणार आहे मोजायला?"

"मी आहे ना," काका म्हणाले.

ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी तो वरून खाली सोडतो. काकांचं खरं नाव ह्या ओळंब्याखाली कधीच गाडलं गेलं होतं. ते चालायचेही असे की डोक्यावरून कोणीतरी दोरी सोडली आहे. मिसरूड फुटल्यापासून गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत त्यांनी ह्या शहरात भिंती उभ्या केल्या. त्यातली एकही कधी वाकडी झाली नाही, असं ते सांगत. काकू म्हणायच्या, भिंती सरळ राहिल्या कारण वाकडेपणा सगळा घरात खर्च व्हायचा.

बाई विटांच्या ढिगाला वळसा घालून आत आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, नखांत माती. नखांतली माती पाहून काकांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, नाहीतर ती खुर्ची ते कोणाला देत नसत.

"संग्रहालयामागे टेकडी आहे ना," बाई म्हणाल्या, "ती टेकडी नाहीच, काका. ती घरं आहेत. घर पडलं की लोक माती सपाट करायचे आणि त्यावरच दुसरं बांधायचे. ते पडलं की तिसरं. हजारो वर्षं हेच चाललं आणि जमीन उंच होत गेली. आम्ही तिच्यात वरून खाली एक खड्डा घेतोय. आता त्यातल्या चार थरांमधली चार घरं मला शेजारच्या मोकळ्या जागेत खरोखरची बांधून हवी आहेत. त्या लोकांकडे जे होतं तेवढंच वापरून."

"म्हणजे सिमेंट नाही."

"सिमेंट नाही, लोखंड नाही, फुटपट्टी नाही. दोरी चालेल, पण ती तुम्ही वळलेली."

"आणि ओळंबा?"

"खालच्या थरांत तर नाहीच सापडला."

काकू हसता हसता दाराची चौकट धरून खाली बसल्या. "ह्यांना ओळंब्याशिवाय बांधायला सांगताय? बाई, त्यापेक्षा श्वास घेऊ नका म्हणून सांगा!"

काकांना राग आला आणि त्या रागाच्या भरातच ते हो म्हणाले.

*

पहिलं घर म्हणजे घर नव्हतंच. फांद्या जमिनीत तिरप्या खोचायच्या, वर एकत्र बांधायच्या आणि त्यावर कातडी टाकायची. तोवर खणलेल्या सगळ्यात खालच्या थरात खांब रोवल्याचे काळपट डाग, राख आणि शिंपल्यांचा ढीग एवढंच सापडलं होतं. माणसं हंगामात यायची, मासे आणि शिंपले खायची, निघून जायची. काकांनी कागदावरचं चित्र पाहिलं आणि मनात म्हटलं, हे तर दुपारच्या जेवणाआधी उरकेल.

पण फांदी तोडायला कुऱ्हाड नव्हती. बाईंनी गारगोटीचे दोन गोटे समोर ठेवले आणि एकावर दुसरा कसा, कुठल्या कोनात हाणायचा ते दाखवलं. बाईंच्या हातून पातळ धारदार पापुद्रे निघत होते, काकांच्या हातून चुरा आणि शिव्या. अंगठा दोनदा फुटला. जेवणाची वेळ टळून गेली. मग कधीतरी हाताला ती जागा आपसूक सापडली, टक् असा वेगळाच आवाज आला आणि पानाएवढी एक चीप तळहातावर पडली.

काकांनी ती मनगटावरून हलकेच फिरवली. केस साफ उतरले. त्यांनी चीप उन्हात धरली, कड इतकी पातळ होती की तिच्यातून उजेड दिसत होता.

"न्हाव्याच्या वस्तऱ्याला अशी धार नसते," ते हळूच म्हणाले.

"लाखो वर्षं माणसाकडे हेच होतं," बाई म्हणाल्या. "बापानं मुलाला, आईनं मुलीला हे असंच हातात हात धरून शिकवलं असणार. मी जसं तुम्हाला शिकवलं तसं. मध्ये एक जरी पिढी शिकवायची विसरली असती..."

काकांनी चीप खाली ठेवली नाही. दिवसभर ती त्यांच्या मुठीत होती.

विस्तवानं त्यांचा आणखी घाम काढला. आडव्या लाकडाच्या खोबणीत उभी काडी धरून दोन्ही तळहातांत घुसळायची, लाकडाची पूड तापून काळी होईपर्यंत. तळहातांना फोड आले. काकू डबा घेऊन आल्या होत्या. बराच वेळ त्यांनी नवऱ्याची मजा पाहिली आणि मग समोर बसल्या. काकांचे हात काडीवरून घसरत खाली आले की काकू वरून धरायच्या, त्यांचे खाली आले की काका धरायचे. काडी थांबायचीच नाही. पूड धुमसली. काकूंनी ती सुक्या गवताच्या गुंडाळीत अलगद ओतली, ओंजळीत धरली आणि फुंकर घातली, दोनदा हलकी, एकदा लांब.

गवत भपकन पेटलं.

काकूंनी आयुष्यभर रोज चूल आणि गॅस पेटवला होता. विस्तव ही काही त्यांना नवलाची गोष्ट नव्हती. पण त्या दिवशी त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले. "अहो, हे आपण केलं," त्या म्हणाल्या. "आगपेटी नाही, काही नाही. नव्हताच इथे विस्तव."

कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिघंही विस्तवाभोवती बसली. थोड्या वेळानं पहारेकरी आला, तोही बसला, आणि तिकिटं फाडणारी बाई आली तर सगळ्यांनी थोडं थोडं सरकून तिला जागा दिली. काका त्या सगळ्यांकडे बघत होते. मधे विस्तव, भोवती माणसं, सगळी त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. कोणाची पाठ कोणाकडे नव्हती.

"पुढचं घर गोल आहे ना?" त्यांनी विचारलं.

"गोल आहे," बाई म्हणाल्या.

"असणारच."

*

गोल घर अर्धं जमिनीत होतं. गुडघाभर खोल खड्डा, कडेनं कुडाची भिंत, तिला दोन्ही अंगांनी माती लिंपलेली, मधे एक खांब आणि वर गवताचं छप्पर. ते बांधताना काका ओळंबा विसरले. गोल भिंतीला सरळ काय आणि वाकडं काय! खांबाला दोरी बांधून फिरवली की गोल मिळतं. माती पायांनी तुडवायची, हातांनी थापायची. थापी हातात नसल्यामुळे सुरुवातीला त्यांना उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटे. मग हळूहळू बोटांनाच अक्कल आली.

घर उभं राहिलं तेव्हा बाईंनी विचारलं, "काका, काकू, थोडे दिवस दिवसभर इथे राहाल का? ते लोक जे करत असतील ते करत? मला बघायचंय, ह्या जागेत माणूस कसा वावरतो, कुठे बसतो, कुठे काय ठेवतो."

काकूंना ही कल्पना आवडली. घरी तरी वेगळं काय करतो आपण, त्या म्हणाल्या. तिथे निदान झाडायला फरशी कमी.

नदीकाठच्या माळावर रानटी गवत होतं, धान्याच्या जातीचं. खालच्या थरांत त्याचेच जळके दाणे सापडले होते. काकू ते खुडून आणू लागल्या. दाणे बारीक, कुसळं लांब, हाताला टोचणारी, आणि कणीस पिकलं की हात लागायच्या आत दाणे भुईवर. अर्धा दिवस खुडल्यावर टोपलीचा तळ जेमतेम झाकला जाई.

"काही कणसं मात्र दाणे धरून ठेवतात," काकू एकदा बाईंना म्हणाल्या. "ती बरी पडतात. मी तीच आणते."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "काकू, सगळ्या बायकांनी तेच केलं. जी कणसं दाणे धरून ठेवत, तीच घरी आली. घरी आली म्हणजे तीच दाराशी सांडली, तीच उगवली, आणि पुढे तीच पेरली. असं होत होत गवताचं धान्य झालं. एका माणसाच्या आयुष्यात नाही. कित्येक पिढ्या लागल्या, आणि करणाऱ्यांना कळलंही नसेल."

काकूंनी टोपलीत हात घातला आणि मूठभर दाणे वर उचलले. मग जपून परत ठेवले, जसे दुसऱ्या कोणाचे असावेत.

दळायला उतरत्या दगडाचा पाटा होता. गुडघे टेकायचे, पायांची बोटं मागे जमिनीत रोवायची आणि सगळं अंग पुढे टाकत हातातला दगड खालीवर घासायचा. पहिल्या दिवशी काकूंना गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी कंबर धरली आणि नंतर पायाचे अंगठे असे ठणकायला लागले की घरी जाताना चपला हातात घेऊन चालायची वेळ आली.

ते पाहून बाई एके दुपारी त्यांना संग्रहालयाच्या आतल्या खोलीत घेऊन गेल्या. लांब टेबल, पांढरे दिवे, भिंतीला लागून खणांची कपाटं. बाईंनी एक खण ओढला. कापसावर पायाची हाडं मांडलेली होती, अगदी छोटी छोटी.

"गोल घरांच्या थरातली एक बाई आहे ही. अंगठ्याचा सांधा बघा. इथे हाड घासून सपाट झालंय. आणि गुडघ्यालाही तेच."

काकू खाली वाकल्या. "दळून?"

"आम्हाला तसं वाटतं. बऱ्याच जणींच्या पायाला हे आहे. पुरुषांच्या क्वचितच."

"म्हातारी होती का?"

"नाही हो. तिशीही गाठली नसेल. लहानपणापासून दळत असली पाहिजे."

काकांना वाटलं, ही आता काहीतरी टोमणा मारणार. पण काकूंनी चप्पल काढली, आपला सुजलेला अंगठा टेबलाच्या दिव्याच्या उजेडात नीट पाहिला आणि मग त्या खणाकडे.

"हिला कोणी म्हणालं असेल का," त्या म्हणाल्या, "जरा बस म्हणून?"

काकांनी त्या संध्याकाळी घरी गेल्यावर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि काकूंसमोर आणून ठेवलं. काकूंनी पाय त्यात बुडवले. संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं आणि दोघांनाही ते थोडं अवघड गेलं.

*

मग धान्य वाढलं. बाईंनी माळाचा एक तुकडा पेरून घेतला होता. कापणी झाली आणि टोपल्या गोल घरात येऊन पडल्या. टोपल्या आल्या, त्यांना उंदरांपासून वाचवायला मातीच्या कणग्या आल्या, पुढच्या पेरणीचं बी वेगळं ठेवावं लागलं, सरपण आलं, पाटा होताच. विस्तवाभोवती पाच माणसं बसायची तिथे दोन बसेनात.

"दाणे आत आले आणि आपण बाहेर," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. "अहो, एक खोली काढा की जोडून."

"गोल घराला कसली खोली जोडणार?"

"ते मला काय विचारता? गवंडी कोण आहे?"

बाई हे ऐकत होत्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चला, काही दाखवते."

त्या त्यांना टेकडीच्या खड्ड्याकडे घेऊन गेल्या. वरून मधल्या थरापर्यंत उतरायला मातीतच पायऱ्या कोरलेल्या होत्या. तिथे एका गोल घराची खूण होती आणि तिच्या कुशीला चिकटवलेली दुसरी अर्धगोल भिंत. दोन्ही जिथे भेटत तिथे भेग होती. भेगेत माती भरलेली, ती पुन्हा फुटलेली, पुन्हा भरलेली. आणि बाहेरच्या बाजूला कोणीतरी दगडांचा टेकू दिलेला, तोही ढासळलेला.

"ह्याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत," बाई म्हणाल्या. "काही म्हणतात नुसती डागडुजी आहे. मला वाटतं इथे कोणीतरी खोली जोडायला धडपडलं. पण माझ्या मतावर माझाच पुरता विश्वास बसत नाही. बांधून बघायचं का?"

काकांनी बांधलं. पहिली जोडभिंत पहिल्याच वावटळीत सुटली. दुसरी त्यांनी जाड केली, ती स्वतःच्या वजनानं बसली आणि जाताना मूळ भिंतीचा लचका घेऊन गेली. पाऊस झाला तसं दोन छपरांच्या बेचक्यातून पाणी थेट कणगीत उतरलं आणि बियाणाला मोड आले. ज्याची भिंत आयुष्यात कधी पडली नव्हती तो हा माणूस चिखलात उभा राहून पडलेल्या भिंतीकडे बघत होता. पहारेकऱ्याला वाटलं काका आता काम सोडणार.

काका भलताच विचार करत होते. त्या खड्ड्यातल्या भेगेत ज्यानं पुन्हा पुन्हा माती भरली, त्याचेही हात असेच कोपरापर्यंत चिखलात असतील. त्याचीही बायको दारात उभी असेल. आणि त्याला तर कोणी सांगणारं नव्हतं. कोपरा नावाची गोष्ट जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं जन्मात कधी कोपरा पाहिलेला नव्हता!

काका ओल्या मातीवरच बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मातीत गवताचा भुसा कालवून विटा थापल्या. साचा नाही, नुसत्या हातांनी, पावासारख्या फुगीर. उन्हात वाळवल्या. टेकडीतल्या विटांवर होते तसे वरच्या अंगाला अंगठ्यांनी खळगे केले, म्हणजे चिखल धरून राहतो. मग एक सरळ भिंत घेतली आणि तिच्या टोकाला दुसरी आडवी वळवली. एका थरात इकडची वीट तिकडे घुसलेली, वरच्या थरात तिकडची इकडे, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतावीत तशी. कोपरा तयार झाला. काकांनी त्याला खांदा लावून रेटा दिला. हलला नाही. तिसरं घर ह्या कोपऱ्यापासूनच सुरू झालं.

"आता ह्या भिंतीला पलीकडून हवी तितकी घरं चिकटवा," ते म्हणाले. "एक भिंत दोघांत. गोल घर एकटंच राहतं बिचारं. हे दुसऱ्याला खांदा देतं."

बाई त्यांच्याकडे बघून हसल्या. "आणखी एक गोष्ट राहिलीय. तुमच्यासाठीच राखून ठेवली होती."

त्या पुन्हा त्यांना खड्ड्यात घेऊन गेल्या, ह्या वेळी थोड्या वरच्या थराशी, जिथे चौकोनी घरं सुरू होत होती. एका घराची भिंत जिथे संपत होती तिथलं प्लास्टिक त्यांनी दूर केलं. टोकाला एकाआड एक वीट बाहेर आलेली होती. मोडून नाही. मुद्दाम तशी ठेवलेली.

काकांनी ते लगेच ओळखलं. पुढेमागे खोली वाढवायची असली की गवंडी भिंतीचं टोक असंच सोडतो. त्याला दाते म्हणतात. नवी भिंत येऊन त्या दात्यांत अडकते. काकांच्या स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीलाही असेच दाते होते, मुलाच्या खोलीसाठी सोडलेले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, तिकडेच रमला. काकू त्या विटांवर रोपांचे डबे ठेवत.

"इथे पुढे खोली झाली का?" काकांनी विचारलं.

"नाही. काय झालं कोण जाणे. वरचं घर वेगळ्याच दिशेला आहे."

काकांनी हात पुढे केला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. काकांनी त्या बाहेर आलेल्या विटेवर बोटं ठेवली. विटेवर अंगठ्याचा खळगा होता आणि काकांचा अंगठा त्यात बसला, थोडा सैल.

शिंपले खाऊन पुढच्या मुक्कामाला निघणारी माणसं. आणि त्यांचाच कोणी वंशज भिंत बांधता बांधता थांबतो आणि म्हणतो, अजून एक माणूस येईल. अजून जन्मलेलंही नाही, पण येईल, त्याला जागा लागेल. काकांना वाटलं, चाकाचं कौतुक करतात, तांब्याचं करतात. माणसाच्या डोक्यात उद्याचा दिवस कधी शिरला, त्याचं कोणी का करत नाही?

हे मोठ्यानं बोलायची त्यांना लाज वाटली. पण घरी गेल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. काय बोलले ते काकूंना ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलले एवढं खरं.

*

चौथं घर म्हणजे घर नव्हतं, गल्ली होती. वरच्या थरात पोचेपर्यंत लोकांनी विटेला साचा केला होता आणि सगळ्या विटा एका मापाच्या होत्या. ह्या घराची वीट त्या घरात बसत होती. काकांनी त्यातल्या कित्येक विटा हाताळल्या आणि दर वेळी त्यांना नव्यानं नवल वाटलं.

"हे माप ठरवलं कोणी?" ते बाईंना विचारत. "आमच्यात दोन गवंडी एका मापावर कधी राजी होत नाहीत."

गल्लीच्या मधून विटांची झाकलेली मोरी जात होती आणि प्रत्येक घराचं सांडपाणी छोट्या नळीतून तिला मिळत होतं. काका मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसले. गटारांवरून झालेली भांडणं त्यांनी आयुष्यात इतकी पाहिली होती की त्यांच्यावर एक ग्रंथ झाला असता. तुझं पाणी माझ्या दारातून का, उतार तुझ्याकडेच का, साफ कोणी करायचं. सख्खे भाऊ त्यापायी बोलेनासे झालेले त्यांना माहीत होते.

"इतकी घरं, आणि उतार एकसारखा," ते म्हणाले. "म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं. किंवा कोणीतरी दरडावलं."

"तेच तर कळत नाही," बाई म्हणाल्या. "राजवाडा सापडलेला नाही. अजून तरी."

ह्याच थरात एक भोक पाडलेला गुळगुळीत दगड मिळाला होता. जाळ्याचं वजन असेल, मागाचं असेल, आणखी काही असेल. नक्की सांगता येत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. तसाच एक दगड त्यांनी घडवला, स्वतः वळलेल्या दोरीला बांधला आणि गल्लीची पहिली भिंत त्याच्यावर घेतली. काकू म्हणाल्या, आता कुठे माणसात आलात.

गल्ली पुरी झाली आणि लोक बघायला येऊ लागले. शाळेच्या सहली यायच्या. मुलं मोरीत पाणी ओतून ते कुठून निघतं हे बघायला धावायची. काका एका बाजूला उभे राहायचे, कोणी विचारलं तर सांगायचे. गोल घर मात्र बाईंनी मुद्दाम पडू द्यायचं ठरवलं होतं. पडताना माती कशी बसते, खूण काय उरते, हे त्यांना नोंदवायचं होतं. पहिला तडा गेला तेव्हा काका चिखलाचा गोळा घेऊन निघालेच होते. काकूंनी त्यांचा सदरा मागून धरला.

"पडू द्या," त्या म्हणाल्या. "बघायचंय ना त्यांना."

काका तिथेच उभे राहिले, हातातला गोळा वाळेपर्यंत.

त्याच हिवाळ्यात खड्डा तळाला लागला. बाईंनी निरोप पाठवला. आता फक्त शिडीनंच उतरता येत होतं आणि काकांचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. काकू नको म्हणाल्या. मग काका ऐकत नाहीत म्हटल्यावर त्या स्वतः वर शिडी धरून बसल्या.

तळ थंड होता. नदीची वाळू, गोल गोटे, बस्स. त्याच्याखाली माणूस नव्हता. वाळूवर एका जागी गारगोटीच्या चिपा पडल्या होत्या, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ, आणि मधे थोडी मोकळी जागा.

"इथे बसला होता," बाई कुजबुजल्या. "किंवा बसली होती. मधली जागा पायांची. चिपा जिथे पडल्या तिथेच आहेत."

काका त्या जागेसमोर वाकले. मग त्यांनी वर पाहिलं. मातीची भिंत उंच उंच गेली होती. राखेचा काळा पट्टा. त्याच्यावर शिंपल्यांचा पांढरा. मग गोल घरांच्या लिंपणाचा पिवळसर, मग विटा, वाकड्या, फुगीर, मग सरळ, एका मापाच्या, मग मोरीचं कापलेलं तोंड, आणि अगदी वर, पार वर, आभाळाला लागून गवताची कड. त्या कडेवरून काकूंचं डोकं वाकून बघत होतं, वाटाण्याएवढं.

इतक्या सगळ्या माणसांनी काहीतरी कोणालातरी दाखवलं, हातात हात धरून, म्हणून आज काकू वर शिडी धरून बसल्या होत्या.

"अहो!" वरून हाक आली. "या आता. पाय गारठतील."

काका चढायला लागले. हळू, प्रत्येक पायरीवर थांबत. राख नाकासमोरून गेली. शिंपले गेले. विटांच्या थराशी त्यांनी दम खाल्ला, कपाळ थंड मातीला टेकवलं आणि पुन्हा चढले. काकूंनी हात दिला आणि त्यांना गवतावर ओढून घेतलं.

"काय होतं खाली?"

काका धापा टाकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते.

"कोणीतरी बसलं होतं," ते म्हणाले. "काम करत. आत्ताच उठून गेल्यासारखं."

काकूंनी त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकली. मग कडेशी जाऊन, ह्यांचा हात घट्ट धरून, त्यांनीही खाली वाकून पाहिलं.